अंगठा म्हणजे होकार नव्हे

माझी भाची महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. 'मामू, आमच्या मुलांशी संमती या शब्दाविषयी बोला,' म्हणून तिनं मला वर्गात नेलं. मी बी. ए. झालेला कवी. पेशी पाहिली ती पुस्तकातल्या चित्रातच. पण शब्दांशी थोडी ओळख आहे.

तिनं फळ्यावर 'हेला' असं लिहिलं. प्रयोगशाळेत वाढणाऱ्या या पेशी मुलांना ठाऊक होत्या. नाव कुणाचं, ते ठाऊक नव्हतं. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय स्त्री, पाच मुलांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्यावर कर्करोगाचे उपचार चालू असताना गाठीचा तुकडा संशोधनासाठी घेतला गेला. तिला कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी, ३१व्या वर्षी, ती गेली. पेशी मात्र वाढत राहिल्या. पोलिओच्या लशीच्या कामी आल्या, विकल्याही गेल्या. घरच्यांना हे कळलं १९७०च्या दशकात. थर्मो फिशर कंपनीनं तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये.

एका मुलानं विचारलं, 'पण सर, लाखोंचं भलं झालंच ना?'

झालं. विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणालीही असती. पण तो 'हो' तिचा होता. माणसाची स्वेच्छेनं दिलेली संमती हवीच, हे १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम आहे.

मग मी निकाहाचं उदाहरण दिलं. आमच्याकडे मुलाचं नाव, मेहरची रक्कम मुलीला साक्षीदारांसमोर सांगतात आणि मग विचारतात, कबूल आहे? आधी सांगणं, मग विचारणं. संशोधनातही हाच क्रम. काय करणार, धोका कोणता, हे रुग्णाच्या भाषेत सांगायचं. नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत आणि होकारानंतरही केव्हाही बाहेर पडता येईल, हेही सांगायचं. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात.

बोलता बोलता मला अम्मी आठवली. तिचं साधं ऑपरेशन होतं, प्रयोग नव्हता. कागदावर तिचा अंगठा मीच टेकवला. 'काय लिहिलंय रे?' तिनं विचारलं. 'काही नाही, नेहमीचंच,' मी म्हणालो. मी तो कागद वाचलाच नव्हता.

हे मी मुलांना सांगितलं, तेव्हा वर्ग शांत झाला. उद्या यांच्यातलेच कुणी असा कागद घेऊन एखाद्या खाटेपाशी उभे राहतील. त्यांनी तो आधी वाचून दाखवावा, एवढंच मागणं.