सदाफुली पावसाळ्यात का मरते?

वाशीच्या बाल्कनीत मे महिन्याचं ऊन सोसून फुलणारी सदाफुली जुलैत मान टाकते. दोष पावसावर जातो. खरा दोषी असतो कुंडीतला अपुरा निचरा. मूळची मादागास्करची ही बहुवर्षायू वनस्पती रेताड जमिनीतही सहज वाढते. चिकट मातीत पाणी साचलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि फायटोफ्थोरासारखे सूक्ष्मजीव ती कुजवतात. भिंतीच्या फटीत उगवलेली सदाफुली त्याच पावसात तगते, कारण तिथे पाणी थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल, भुसभुशीत मातीत उन्हाळ्यात झाड सुकेल. सुकेलही, पण कोमेजलेली पानं पाणी मिळताच सावरतात, कुजलेली मुळं सावरत नाहीत. म्हणून मातीत वाळू मिसळा, कुंडीची भोकं मोकळी ठेवा आणि पावसाळ्यात खालची ताटली काढा.