रानातल्या उंदराला गोळ्या दिल्या कोणी?

रानातला उंदीर काही डॉक्टरकडे जात नाही. तरी १९९९ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेली गोष्ट वाचा: वायव्य इंग्लंडमधल्या रानउंदरांच्या आणि व्होल या त्यांच्या आखूडशेपट्या भाऊबंदांच्या आतड्यातले ई. कोलायच्या गोतावळ्यातले जिवाणू तपासले, तर बहुतेकांवर पेनिसिलीनच्या कुळातली औषधं चालेनात!

दोनच वर्षांनी, २००१मध्ये, फिनलंडच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्येच उलटी बाजू मांडली. तिथल्या मूस, हरणं आणि व्होल यांच्या विष्ठेतल्या जिवाणूंमध्ये औषधांना असा प्रतिकार जवळपास नव्हताच. मला वाटतं, खरी गंमत इथेच आहे. इंग्लंडचं ‘रान’ शेतं, गुरं आणि वस्तीला खेटून. फिनलंडमध्ये माणूसच विरळ.

मग हा प्रतिकार एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो कसा? प्रतिकाराचे जनुक अनेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्याशा कड्यावर असतात. जिवाणू त्याची प्रत शेजाऱ्याला देतो, शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी. वाटीभर साखर उसनी दिल्यासारखं, फक्त इथे देणाऱ्याची वाटी भरलेलीच राहते.

आणि हो, हे जनुक माणसाने घडवलेले नाहीत. कॅनडातल्या युकॉनमध्ये ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीतही ते सापडलेत.