तुकोगंजात मावणारी धावपट्टी

इंदूरच्या तुकोगंजाची आणि त्याच्या लगतच्या रेसकोर्स रोडची क्रीडाक्षेत्रातील ओळख होळकर स्टेडियममधील क्रिकेट आणि अभय प्रशालमधील टेबल टेनिस अशी आहे. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, तेव्हापासून येथील मराठी घरांतही खेळ म्हटला की आधी क्रिकेटच डोळ्यांपुढे येते. धावणे आणि उड्या यांचा विषय निघाला की जागा नाही, हे उत्तर ठरलेले असते. चारशे मीटरच्या मार्गापुरते ते खरे आहे, कारण आठ पदरी मार्गाला सुमारे पावणेदोनशे मीटर लांब आणि नव्वद मीटरांहून रुंद मैदान लागते. लांब उडीला मात्र किमान ४० मीटर लांब व १.२२ मीटर रुंद धावपट्टी, तिच्या टोकाजवळ जमिनीत बसवलेली २० सेंटीमीटर रुंद फळी आणि निदान २.७५ मीटर रुंदीचा वाळूचा खड्डा, एवढेच पुरते. फळीपासून खड्ड्याची पलीकडची कड किमान १० मीटरवर असावी लागते. म्हणजे शाळेच्या कुंपणालगतच्या पन्नास-पंचावन्न मीटर लांबीच्या चिंचोळ्या पट्टीत हे सारे मावते.

अशा पट्टीवर उडीबरोबरच, किंबहुना उडीच्याही आधी, वेग शिकवला जातो. लांब उडी ही फळीवर संपणारी धावण्याची शर्यतच असून तिचे अंतर मुख्यतः फळीवर येतानाच्या वेगावर ठरते. जेसी ओवेन्स यांनी २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे एकाच दुपारी शंभर यार्डांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि ८.१३ मीटरची उडीही घेतली. तो उडीचा विक्रम १९६० पर्यंत टिकला. शाळेत मुलाला उंच उडायला सांगण्याची जी सवय दिसते ती मात्र फसवी आहे. पुस्तकी भौतिकशास्त्र ४५ अंशांचा कोन सांगते, पण तेवढे वर उठायचे तर धावेचा बहुतांश वेग मोडावा लागतो, म्हणून उत्तम उडीपटू साधारण २० अंशांच्या आसपासच झेप घेतात. फळीवरचा पाय सेकंदाच्या सुमारे आठव्या भागातच सुटतो. त्यामुळे तयारी फळीवर नव्हे, तर तिच्या आधीच्या दोन पावलांत होते. उपांत्य पाऊल किंचित लांब टाकून शरीराचा गुरुत्वमध्य खाली आणायचा आणि शेवटचे पाऊल आखूड ठेवून तो वर फेकायचा, ही या कलेची खरी मेख आहे. हवेत पाय फिरवण्याच्या शैलींना मुले भुलतात, पण त्या मुख्यतः तोल सांभाळून पाय पुढे घेण्यापुरत्या असतात.

फळीपर्यंतच्या मोजलेल्या धावेला रनअप म्हणतात. प्रौढ खेळाडूंचा रनअप वीसेक पावलांचा असतो, तर नवशिक्यांना दहा-बारा पुरतात. तो ठरवण्याची पद्धत साधी आहे: मुलाला फळीपासून उलट दिशेने पळायला लावायचे, बारावे पाऊल कोठे पडते ते पाहायचे आणि तेथून सुरुवात करायची खूण करायची. मग पाय सुटण्यापूर्वी बुटाचे टोक फळीच्या खड्ड्याकडील कडेपुढे गेले तर लाल झेंडा, म्हणजे फाऊल, नाही तर पांढरा. मुलींची उंची सरासरी बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते; त्या काळात पायांची लांबी आणि ताकद बदलत राहिल्याने गेल्या मोसमातली खूण निरुपयोगी होते, आणि वारंवार फाऊल करणाऱ्या मुलाला बेफिकीर ठरवले जाते. याच वयात गुडघ्याखाली, वाटीचा स्नायूबंध नडगीला जोडलेला असतो तेथे, दुखरा उंचवटा येऊ शकतो. ऑसगुड-श्लॅटर नावाची ही व्याधी सहसा कायमची नसते, मात्र तेव्हा उड्यांची संख्या घटवावी लागते. स्पर्धा तोंडावर असताना हे पथ्य पाळणारे प्रशिक्षक विरळाच.

वेगाच्या सरावातला आपल्याकडचा सर्वात मोठा दोष म्हणजे विश्रांतीचा कंटाळा. पूर्ण वेगाची धाव स्नायूंत साठलेल्या फॉस्फोक्रिएटिन या रसायनावर चालते. हा साठा काही सेकंदांत उतरतो आणि भरायला मिनिटे लागतात, म्हणून दर दहा मीटरला सुमारे एक मिनिट विश्रांती, म्हणजे साठ मीटरच्या धावेनंतर सहा मिनिटे, असा अंदाज प्रशिक्षक धरतात. चाळीस मुलांची रांग लावून लागोपाठ शर्यती पळवल्या तर दमसास वाढेल, वेग नव्हे.

मराठी ॲथलेटिक्सचा लौकिकही दमसासाचाच आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आलेले फडेप्पा चौगुले यांच्यापासून कविता राऊत, ललिता बाबर आणि अविनाश साबळे यांच्यापर्यंतची ठळक नावे लांब पल्ल्याची आहेत. लांब पल्ल्याच्या धावपटूला गावाकडचा मोकळा रस्ताही घडवतो. लघुपल्ला आणि उडी यांना मात्र मोजलेली पट्टी, घड्याळ आणि पाऊल पाहणारा डोळा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी शहराच्या आवाक्यात आहेत.

माळव्याची काळी माती ही मात्र खरी अडचण आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट आखलेली धावपट्टी एका वर्षात उंचसखल होते आणि मोजलेली पावले चुकू लागतात. म्हणून काळी माती खणून काढून मुरुमाचा दाबलेला थर द्यावा लागतो आणि पाण्याला बाजूने वाट ठेवावी लागते. वाळू मऊ, ओलसर आणि फळीच्या पातळीत असावी असा नियम आहे; तुडवून घट्ट झालेल्या वाळूत उतरणाऱ्याचे घोटे दुखावतात, म्हणून सरावापूर्वी ती फावड्याने उकरणे हे काम पहिल्या दिवसापासून मुलांकडेच द्यावे.