टोकाचा मणी

पहाटे पाच

फेब्रुवारी संपत आला की आमच्या तेर शिवारातल्या बागा तोडणीला येतात. पिकलेल्या घडावर पावसाची एक सर आली तरी मणी तडकतात, म्हणून तोंड धुण्याआधी मी मोबाइलवर ‘मेघदूत’ उघडतो. २०१९ साली आलेल्या या ॲपवर हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी ताजा होतो. आज शुक्रवार. पुढचे पाच दिवस पाऊस शून्य. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ही बघून घेतलं, ते विजेची सूचना देतं. आभाळ मोकळं आहे. टोळीच्या मुकादमाला फोन केला, “या.”

साडेसहा

ऊन चढायच्या आत जितकं तोडून होईल तितकं बरं. बाग सोनाकाची आहे. लांबट मण्यांचं हे वाण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजमध्ये नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या बागेतून निवडून काढलं. इथल्या माणसानं इथल्या बागेत डोळसपणे फिरून केलेलं ते काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

कात्री लावण्याआधी गोडी मोजायची. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की ब्रिक्सचा आकडा दिसतो. मणी कुठला घ्यायचा हे मात्र यंत्र सांगत नाही. घडाचा खांदा आधी गोड होतो, टोक सगळ्यात शेवटी. विकायची घाई असलेला माणूस खांद्याचा मणी घेतो आणि खूश होतो. वडिलांनी मला टोकाचा मणी घ्यायला शिकवलं. तिथं सतरा-अठरा ब्रिक्स आली तर अख्खा घड खाण्याजोगा झाला म्हणायचं. आज टोकाला अठरा भरली. काचेतल्या आकड्याचा फोटो व्यापाऱ्याला पाठवला आणि बायकांनी क्रेट मांडायला घेतले.

नऊ

न्याहारीच्या वेळी भाचीचा निरोप आला. ती पुण्यात एका हॉटेलात काम करते आणि तिथली वाइनची यादी तिच्याकडे असते. कुठली बाटली ठेवायची, किती घ्यायच्या, पेल्यानं विकायची की अख्खी, हे तिनं ठरवायचं. सोबत दोन लेबलांचे फोटो होते. “मामा, दोन्ही सांजोवेझे द्राक्षाच्याच. एक इटलीची कियांती, एक आपल्या सोलापूर जिल्ह्यातली. पेल्यानं विकायला एकच घ्यायचीय. ॲपवर बघून सांगा ना, तुम्हाला काय दिसतंय.”

हा आमचा जुना व्यवहार आहे. वाइन तिला कळते, द्राक्ष मला कळतं. मी “दुपारी बघतो” म्हणालो. तोडणी चालू असताना बाग सोडता येत नाही.

बारा ते तीन

जेवण झालं की शेडमध्ये अंग टाकायचं. पेटीत कागद घालायचं काम पलीकडे चालू असतं आणि मी फोन घेऊन बसतो.

वाइनच्या ॲपांत ‘विविनो’ सगळ्यांत पसरलेलं. २०१० साली कोपनहेगनमध्ये हायनी झाखारियासन आणि त्यांच्या जोडीदारानं ते सुरू केलं. लेबलाचा फोटो काढला की ॲप तो आपल्या साठ्यातल्या लेबलांशी जुळवतं आणि बाटलीचं नाव, वर्ष, द्राक्ष, प्रदेश आणि पाचपैकी किती तारे हे समोर ठेवतं. त्याआधीची गुण देण्याची पद्धत मोजक्या जाणकारांच्या हातात होती. अमेरिकेतल्या रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ मध्ये आपलं पत्रक सुरू केलं आणि शंभरपैकी गुण देण्याची रीत रुळवली. त्यांच्या आकड्यावर फ्रान्समधल्या बाटल्यांचे भाव हलायचे. आता तो आकडा लाखो पिणारे मिळून ठरवतात. मला हे चांगलं वाटतं. चवीवर बोलायचा हक्क कुणा एकाच्या जिभेकडे गहाण असू नये.

पण तारे वाचायची एक रीत आहे, ती माहीत नसेल तर ॲप फसवतं. पहिली गोष्ट, बहुतेक बाटल्या साडेतीन ते चारच्या आसपासच घुटमळतात, त्यामुळे ३.७ आणि ३.८ यांतला फरक बघून निर्णय घ्यायचा नसतो. दुसरी, तारे किती जणांनी दिले ते बघायचं. बारा जणांचे चार तारे आणि बारा हजार जणांचे चार तारे यांचं वजन वेगळं. तिसरी, वर्ष. ॲप कधी सगळ्या वर्षांची मिळून सरासरी दाखवतं, आणि द्राक्षाला तर एक वर्ष दुसऱ्यासारखं नसतं. ज्या हंगामात फुलोऱ्यावर पाऊस पडला त्या हंगामाच्या मालाला आदल्या वर्षाची शाबासकी कशी देणार?

या सगळ्याहून मोठी गोष्ट भाचीनं मला मागे सांगितली होती. कियांतीला तारे देणारी माणसं ती युरोपात पितात. तिथं ती थंड तळघरातून उचललेली असते. आपल्याकडे येणारी बाटली जहाजातून बंदरावर, बंदरातून गोदामात, गोदामातून एप्रिलच्या ट्रकात असा प्रवास करते. उष्णतेनं वाइन शिजते, फळाची चव जाते, बूच वर सरकतं. लेबल तेच राहतं आणि तारेही तेच राहतात.

म्हणून मी दोन्ही बाटल्यांची परीक्षणं नव्यापासून लावली आणि सगळ्यांत कमी तारे दिलेली आधी वाचली. कियांतीला जगभरातून भरभरून दाद होती. भारतात प्यालेल्यांची मतं मोजकीच होती आणि त्यांतल्या दोघांनी ‘सपाट’, ‘फळ गेलेलं’ असं लिहिलेलं. सोलापूरच्या बाटलीला एकूण मतं थोडी, तारे दशांशानं कमी, पण मतं देणारे मुंबई, पुणे, बंगळूरचे आणि बहुतेक गेल्या वर्षभरातले. कमी तारे देणाऱ्यांची तक्रार एकाच गोष्टीची, आंबटपणा जरा पुढे येतो. ही तक्रार मला विश्वासाची वाटली. सांजोवेझेला आंबटपणा असतोच. म्हणजे लोकांनी बाटलीत द्राक्षच प्यालं होतं.

टोळीतला एक पोरगा बाजूला बसून बघत होता. “मालक, आपल्या मालाची वाइन का होत नाही?” त्याला गणित करून दाखवलं. ब्रिक्सला साधारण ०.५५ नं गुणलं की वाइनमधल्या अल्कोहोलचा टक्का येतो. वाइनचं द्राक्ष तेवीस-चोवीसवर तोडतात, त्याची तेरा टक्क्यांच्या आसपास वाइन होते. आपल्या अठराची दहाही होणार नाही. शिवाय आपण जीए हे संजीवक देऊन मणी फुगवतो, विरळणी करून घड मोकळा ठेवतो, साल पातळ राहावी असं बघतो, कारण खाणाऱ्याला ते हवं असतं. वाइनला मणी बारीक लागतो आणि साल जाड लागते. रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. बाग वेगळी, छाटणीचा हिशेब वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. दोन्हींत कमी-जास्त काही नाही.

चार

पेट्यांचा कागद कमी पडला म्हणून तेरला गेलो. गोरोबाकाकांच्या समाधीला हात जोडले आणि संग्रहालयात दहा मिनिटं शिरलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शिवारात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यांतून हे संग्रहालय उभं राहिलं. इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मी किती वेळा पाहिली असेल. तिच्याशी जुळणारी हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं नाव आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर, जिथून गाड्यांवर लादून कापड भडोचच्या बंदराला जायचं. त्याच ग्रंथात भडोचला बाहेरून काय यायचं त्याची यादी आहे. यादीत वाइन आहे, आणि लेखकानं शेरा मारलाय की पसंती इटलीच्या वाइनला, त्याखेरीज लाओडिसियाची आणि अरबस्तानची. आमच्या गावच्या मालाच्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाइनला दर्जा लावून ठेवला होता! तो लिहिणारा व्यापारी होता आणि पुढच्या व्यापाऱ्यासाठी लिहीत होता: काय नेलं तर खपेल. आज ॲपवरचे तारे हेच काम करतात.

एक बदल झालाय. इटलीचं सांजोवेझे आता माळशिरस तालुक्यात पिकतं. अकलूजजवळच्या ‘फ्रातेली’त मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशी भावाभावांची तीन घराणी एकत्र आली आणि टस्कनीचे पिएरो मासी तिथं वाइन करायला लागले. तगरच्या व्यापाऱ्याला जी चव समुद्रापलीकडून यायची वाट बघावी लागली, ती आता सीना नदीपलीकडे पिकते.

सहा

गाडी भरली. व्यापाऱ्यानं वजन मान्य केलं, पैसे आठवड्यानं. इथं मला रोज एक गोष्ट खटकते. बाटलीला तारे आहेत, हॉटेलला आहेत, रिक्षावाल्याला आहेत. माल उचलून नेणाऱ्या व्यापाऱ्याला नाहीत. हंगामात उधारीवर माल नेऊन पुन्हा तोंड न दाखवणारे दर वर्षी कुठे ना कुठे निघतात, आणि त्यात एका कुटुंबाचं वर्ष बुडतं. आम्ही विचारपूस करतो ती फोनवर, या गावातून त्या गावात: अमक्यानं तुमचे पैसे दिले का? शेतकऱ्यांच्या हातात असं एखादं ॲप यायला हवं. नोंद खरी असावी, व्यवहाराची पावती जोडलेली असावी आणि समोरच्याला उत्तर द्यायची सोय असावी. हे करणं अवघड नाही.

साडेआठ

आमच्या घरात माळ आहे, त्यामुळे बाटली घरात येत नाही. ती शेडमध्ये असते. कायद्यानं परवाना लागतो, तो काढलेला आहे. ॲपवर बटण दाबून इथं बाटली येत नाही. ते माहिती देतं, खरेदी आपली आपण करायची. धाराशिवमधल्या दुकानात वाइन मागितली की दुकानदार आधी चकित होतो, मग मागच्या फळीवरून काढून देतो. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून तो विरोध मला समजतो. ज्याला घ्यायची त्यानं माहिती काढून, थोडी, जेवणाबरोबर घ्यावी, एवढंच मी मानतो.

फळीवरची बाटली घेताना मी आधी वर्ष बघतो, मग बूच वर आलंय का ते, आणि ती खिडकीच्या उन्हात उभी होती का ते. भाचीच्या यादीतली सोलापूरची सांजोवेझे मला मागच्या आठवड्यात मिळाली होती. संध्याकाळी माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. लाल वाइन सोळा-अठरा अंशांवर चांगली लागते आणि शेड आत्ताही तिशीत आहे. तिकडे भाचीनं हॉटेलात दोन्ही उघडल्या. व्हिडिओवर दोघं बोललो.

मी ॲपवर मराठीत लिहिलं: “पहिल्या घोटाला चिंचेचा आंबटपणा, मग पिकलं जांभूळ, शेवटी जिभेच्या कडांना साल चघळल्याचा तुरटपणा. भाकरी आणि शेंगदाण्याच्या आमटीबरोबर आंबटपणा बसतो. साडेतीन तारे.” कुणी द्राक्षवाला वाचेल तर त्याला ते समजेल.

“कियांती चांगली आहे,” भाची म्हणाली, “पण बूच ओलं होतं आणि वास दबलाय. पेटीतली दुसरी बाटली याहून बरी निघेलही. मग कुठली निघेल ते कसं सांगू गिऱ्हाइकाला?”

“कियांतीचे तारे खांद्याच्या मण्याचे आहेत गं. आयात शुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्के, म्हणजे पेला महाग. आणि महागाचा पेला सपाट लागला तर तो माणूस परत वाइन मागणार नाही.”

तिनं सोलापूरची एक पेटी सांगितली, बारा बाटल्या. वितरकाला अट घातली की माल सकाळी यावा, उन्हात नको. कियांतीच्या दोन बाटल्या, त्याही अख्ख्याच विकायच्या, उघडून आधी स्वतः वास घेऊन. उद्या आमची पश्चिमेकडची ओळ तोडायची होती. तिथं टोकाला अजून सोळाच आहे, त्यामुळे मुकादमाला दोन दिवस थांबायला सांगितलं.