घाट चढताना गाडी दम का सोडते?

मैत्रिणींनो, बाईच्या हातात गाडी बंद पडली की ‘मॅडमना क्लच सोडता येत नाही’ हे ठरलेलं वाक्य! बचत गटाच्या कामासाठी मी घरची जुनी, कार्बोरेटरवाली मारुती ८०० वापरते. मध्यंतरी तिने नवीनच खोड काढली. उभी असताना इंजिन छान चालायचं, पण जरा जोरात रेस दिली की आचका देऊन बंद! करंजी घाटात मागे भरलेला ट्रक असताना असं झालं तर, या विचारानंच पोटात गोळा यायचा. एका गॅरेजवाल्यानं तर बॉनेट न उघडताच ‘नवा कार्बोरेटर टाका’ म्हणून सांगितलं.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा कारमधून कार्बोरेटर गेला. पण खेड्यापाड्यात अशा गाड्या अजून दिसतात. त्यांचं दुखणं कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवलाय, त्यांना तर मुळीच नाही.

आधी बघायचं, गाडी नेमकी कधी बंद पडते. पाय दाबताक्षणी, की चांगली दोन-तीन मिनिटं ओढल्यावर? सगळी मेख इथेच आहे.

पाय दाबताक्षणी हवा भसकन आत जाते, पेट्रोल मात्र मागे राहतं. ती उणीव भरायला कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. तो पेट्रोलची पिचकारी मारतो. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टर काढायचा, रेसची तार हातानं ओढायची आणि आत डोकवायचं. पिचकारी दिसली नाही, तर पंपाचा रबरी पडदा फाटलाय किंवा त्याचं भोक बुजलंय. (जवळपास काडी, उदबत्ती काही नको हं!) आमच्या गाडीत पडदाच चिरलेला निघाला. पडदा बदलला, कार्बोरेटर आहे तोच राहिला.

जेटमध्ये कचरा असेल तर स्टोव्हसारखी पिन घालायची नाही. भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. हवेच्या दाबानं साफ करून घ्यावं.

गाडी आधी चांगली ओढून मग चढावर मरत असेल, तर पेट्रोल कमी पोचतंय. फिल्टर गढूळ झालाय का ते बघा, मग पेट्रोल पंपाकडे वळा. बऱ्याच जुन्या गाड्यांत टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीतून पेट्रोल येईनासं होतं. गाडी बंद पडल्यावर झाकण सैल केलं, ‘सूंऽऽ’ आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर रोग सापडला.

नुसतं उभ्या गाडीतही फुसफुस ऐकू येत असेल, तर एखादी नळी फाटून इंजिन बाहेरची हवा घेतंय. पेट्रोल नीट येऊनही झटके बसत असतील तर प्लग, वायरी आणि पद्मिनीसारख्या गाडीत पॉइंट तपासायला सांगा. मेकॅनिकला फक्त ‘मिसिंग करते’ म्हणू नका. थंड असताना की तापल्यावर, पाय दाबताच की चढावर, एवढं सांगितलं की त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसे.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या प्रवरानगरचा. आज उसापासून इथेनॉल होतं आणि पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळ्या, पडदे कडक होतात, चिरतात. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नये. पावसाळा संपला की पेट्रोलच्या नळ्या बोटानं दाबून बघा. भेगा दिसल्या तर इथेनॉलला टिकणारी नळी मागा, आणि क्लिपाही त्याच वेळी नव्या घ्या.