नंबर तोच, कंपनी नवी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. भिवंडीजवळ, मुंबई-नाशिक महामार्गावर, वडपे हे गाव आहे. या भागात महामार्गालगत मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. तेथे दिवसरात्र मालाचे ट्रक आणि टेम्पो ये-जा करतात. माल आला का, टेम्पो रिकामा आहे का, भाडे किती, या सर्व गोष्टी मोबाइल फोनवरच ठरतात.

समजा, वडपे येथे एक टेम्पोचालक राहतात. त्यांच्या टेम्पोच्या मागे त्यांचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. एके दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "अब्बा, आपल्या घरात तीन फोन आहेत. तिन्ही फोनच्या रिचार्जला किती पैसे जातात! दुसऱ्या कंपनीचा पॅक पुष्कळ स्वस्त आहे. आपण कंपनी का बदलत नाही?"

अब्बा म्हणाले, "बेटा, नंबर बदलला तर माझी रोजी बुडेल. सगळे व्यापारी मला याच नंबरवर बोलावतात."

मुलगा म्हणाला, "पण अब्बा, कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो!"

मुलाचे म्हणणे खरे आहे का? चला, आपण समजून घेऊया.

भारतात मोबाइल फोनवरून पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. त्या काळी मोबाइलवर बोलणे फार महाग होते. फोन करणाऱ्याला पैसे पडत आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. पुढे कंपन्या वाढल्या आणि दर उतरले. २००३ साली येणारे फोन मोफत झाले. परंतु एक अडचण राहिलीच. कंपनी बदलायची तर नंबरही बदलावा लागे. नातेवाईक, दुकानदार, गिऱ्हाईक या सर्वांना नवा नंबर कळवणे सोपे नव्हते. म्हणून सेवा आवडली नाही, तरी लोक जुन्याच कंपनीकडे राहत.

ही अडचण दूर करण्यासाठी नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय करण्यात आली. २५ नोव्हेंबर २०१० रोजी ती प्रथम हरियाणात सुरू झाली. २० जानेवारी २०११ पासून ती सर्व देशाला मिळाली. ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेले, तरी जुना नंबर ठेवता येऊ लागला. या कामाचे नियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण ही संस्था ठरवते. तिला थोडक्यात 'ट्राय' म्हणतात. तिची स्थापना १९९७ साली झाली.

नंबर तोच राहिला, तर फोन नव्या कंपनीकडे कसा पोहोचतो? एक उदाहरण पाहू. एखादे कुटुंब एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात राहायला गेले. कुटुंबाचे नाव तेच राहिले, फक्त पत्ता बदलला. पोस्टमनच्या वहीत नवा पत्ता लिहिला, की पत्र बरोबर पोहोचते. मोबाइलचेही तसेच आहे. कोणता नंबर आता कोणत्या कंपनीकडे आहे, याची नोंद संगणकात ठेवलेली असते. आपण नंबर लावला, की यंत्रणा आधी ही नोंद पाहते आणि मग कॉल योग्य कंपनीकडे पाठवते. हे सारे क्षणार्धात घडते.

आता कंपनी कशी बदलावी, ते पाहू. आपल्या फोनच्या संदेशात इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट' हा शब्द लिहावा. थोडी जागा सोडून आपला दहा अंकी नंबर लिहावा आणि तो संदेश १९०० या क्रमांकावर पाठवावा. उत्तरात आठ अक्षरांचा व अंकांचा एक संकेतांक येतो. आपल्याकडे तो साधारणपणे चार दिवस चालतो. हा संकेतांक आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. तेथे नवे सिमकार्ड मिळते. नंबर एकाच परिमंडळात राहणार असेल, तर साधारणपणे कामाचे तीन दिवस लागतात. दुसऱ्या परिमंडळात जायचे असेल, तर पाच दिवस लागतात. काम पूर्ण होईपर्यंत जुने सिमकार्ड फोनमध्येच ठेवावे. ते बंद पडले, की नवे सिमकार्ड घालावे. या बदलाच्या वेळी फोन काही तास बंद राहू शकतो.

काही अटीही आहेत. पोस्टपेड ग्राहकाचे बिल थकलेले नसावे. जुन्या सिमकार्डवर उरलेली रक्कम आणि उरलेला पॅक नव्या कंपनीकडे जात नाही. म्हणून पॅक संपत आला असतानाच हे काम करावे. सर्वांत महत्त्वाची अट ही, की एकदा कंपनी बदलली, की नव्वद दिवस पुन्हा बदलता येत नाही. म्हणजे निर्णय चुकला, तर तीन महिने त्रास सोसावा लागतो.

मग स्वस्त पॅक कसा ओळखावा? येथे गणित उपयोगी पडते. पुष्कळ पॅक महिन्याचे नसून अठ्ठावीस दिवसांचे असतात. वर्षाचे महिने बारा, पण असे रिचार्ज तेरा करावे लागतात. म्हणून पॅकची किंमत पाहू नये, एका दिवसाचा खर्च काढावा. समजा, एक पॅक २८ दिवसांचा असून २२४ रुपयांना आहे. त्याचा दिवसाचा खर्च ८ रुपये झाला. दुसरा पॅक ८० दिवसांचा असून ४८० रुपयांना आहे. तो महाग दिसतो, पण त्याचा दिवसाचा खर्च ६ रुपयेच आहे. वर्षाला एका फोनमागे ७३० रुपये वाचतात. तीन फोनमागे २१९० रुपये वाचतात. एवढ्या पैशांत मुलांची वह्या-पुस्तके सहज येतील.

परंतु स्वस्ताई हीच एक कसोटी नव्हे. जुलै २०२४ मध्ये तीन मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. बीएसएनएल या सरकारी कंपनीने ते वाढवले नाहीत. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले. पण वर्ष संपता संपता ही वाढ थांबली आणि ग्राहक पुन्हा कमी होऊ लागले. दर कमी असला, तरी फोन लागला पाहिजे, हेही ग्राहक पाहतो.

म्हणून आधी चौकशी करावी. आपल्या घरात, गोदामात, रस्त्यावर त्या कंपनीचा फोन नीट लागतो का, हे शेजाऱ्यांच्या फोनवरून पाहावे. आपला फोन जुना, बटणांचा असेल, तर अधिक काळजी घ्यावी. प्रत्येक कंपनीकडे टू-जी सेवा नसते. ज्यांना इंटरनेट नको आहे, त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि संदेशांचे पॅक ठेवावेत, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला आहे. असा पॅक आपल्याच कंपनीत मिळाला, तर कंपनी बदलण्याची गरजही पडत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपला संकेतांक फोनवरून कोणालाही सांगू नये. आपला नंबर बँकेच्या खात्याशी जोडलेला असतो. नंबर दुसऱ्याच्या हाती गेला, तर कष्टाचा पैसाही जाऊ शकतो.

त्या टेम्पोचालकांनी हे सर्व ऐकून घेतले. ते म्हणाले, "बेटा, आधी अम्मीच्या फोनची कंपनी बदलू. तो फोन मी काही दिवस गोदामात नेऊन पाहीन. नीट चालला, तर माझ्या नंबरचा विचार करू. दादीच्या फोनला मात्र फक्त बोलण्याचा पॅक बस आहे."

मुलाने वहीचे पान काढले आणि प्रत्येक पॅकचा दिवसाचा खर्च मांडायला सुरुवात केली. जाहिरात पाहून घाई न करणारा आणि स्वतः हिशेब करून ठरवणारा ग्राहक सहसा फसत नाही.

स्वाध्याय

१. टेम्पोचालक नंबर बदलायला का तयार नव्हते?
२. पोस्टमनच्या वहीच्या उदाहरणातून लेखकाने काय समजावले आहे?
३. तुमच्या घरातील एका फोनच्या पॅकचा दिवसाचा खर्च काढा.
४. 'संकेतांक कोणालाही सांगू नये.' कारण लिहा.