मोटारसायकलचा मागील ब्रेक

मोटारसायकल धुणें, साखळीस तेल देणें, चाकांत हवा भरणें हीं कामें पुष्कळ घरांतून मालक स्वतःच करितात. ब्रेकची गोष्ट निघाली, कीं मात्र गाडी गॅरेजमध्यें जाते. वस्तुतः डिस्क ब्रेकचे झिजलेले पॅड बदलणें हें फारसें अवघड काम नव्हे. तथापि साखळीस तेल कमी पडलें तर ती कुरकुरून सांगते. ब्रेकमधील चूक गाडी वेगांत असतांनाच कळते. म्हणून हातांत पाना घेण्यापूर्वीं प्रत्येक कृतीमागील कारण समजून घेणें अगत्याचें आहे.

पायाखालचें पेडल दाबलें म्हणजे एका लहान नळकांड्यांतील दट्ट्या पुढें सरकतो व तेथील द्रवावर दाब देतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा पास्कल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकांतील सिद्धांत येथें उपयोगास येतो. चाकाजवळच्या कॅलिपरमधील दट्ट्याचें क्षेत्रफळ अधिक असल्यानें पायाचा जोर तेथें वाढतो, आणि दोन पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी तबकडीस दोहों बाजूंनीं आवळून धरतात. इंग्लंडांत लँचेस्टर ह्यांनीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट १९०२ सालीं घेतलें होतें. परंतु मोटारसायकलींवर तो रुळूं लागला, तो १९६९ सालच्या होंडा सीबी ७५० ह्या गाडीपासून, आणि तोहि पुढच्या चाकावर. मागील चाकास त्या गाडींत ड्रमच होता. ब्रेक लावतांच गाडीचा भार पुढें झुकतो, त्यामुळें मागील ब्रेकवर काम कमी पडतें खरें. पण चाकानें उडविलेला चिखल त्यावर बसतो, आणि पेडलवर पाय टेकून गाडी चालविण्याची संवय अनेकांना असते. म्हणून मागील पॅड पुष्कळदां अपेक्षेपूर्वींच झिजतात.

बहुतेक पॅडवर एक खांच असते. ती दिसेनाशी होऊं लागली, किंवा घर्षणाचा थर सुमारें १ मिलिमीटर उरला, कीं पॅड बदलावे. नक्की मर्यादा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेली असते. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबल्यास तबकडीहि खराब होते, आणि ती पॅडपेक्षां पुष्कळ महाग असते.

गाडी सपाट जागीं उभी करून ब्रेक पूर्ण थंड होऊं द्यावा. कॅलिपर जागेवर घट्ट असतांनाच पॅडची पिन किंचित् सैल करून ठेवावी; नंतर ती सुटतां सुटत नाहीं. मग बोल्ट काढून कॅलिपर उतरवावा, पण तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळूं न देतां दोरीनें बांधावा. जुने पॅड काढतांना स्प्रिंग व पातळ पत्रे कोणत्या बाजूस होते, तें नीट पाहून ठेवावें. ह्या वेळीं पेडल मुळींच दाबूं नये. दट्ट्या बाहेर निसटण्याचा संभव असतो. ब्रेकची धूळ फुंकून उडवूं नये, कारण ती फुप्फुसांत जाते. ओल्या फडक्यानें पुसावी.

नवे पॅड जाड असल्यानें त्यांना जागा हवी. त्यासाठीं दट्ट्या मागें ढकलावा लागतो. त्याचा बाहेर आलेला भाग आधीं साबणाच्या पाण्यानें स्वच्छ करून पुसावा. घाण आंत गेल्यास रबरी कडें खराब होऊन द्रव गळूं लागेल. मग ब्रेक ऑइलच्या डबीचें झांकण सैल करून दट्ट्या सावकाश ढकलावा. तो मागें जातांच डबींतील पातळी चढते. ती आधींच काठोकाठ असेल तर द्रव सांडतो व गाडीचा रंग उडवितो. सांडलेला द्रव तत्काळ पाण्यानें धुवावा. ह्यास ऑइल म्हणतात, परंतु नेहमींच्या वापरांतील डॉट ३ व डॉट ४ हे प्रकार तेलाचे नसून ग्लायकोल जातीचे आहेत, व ते हवेंतील ओलावा शोषून घेतात. म्हणून फार दिवस उघडी राहिलेली बाटली वापरूं नये.

नवे पॅड बसवितांना घर्षणाची बाजू तबकडीकडे यावी आणि तिला तेलकट बोट लागूं नये. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांना ब्रेकसाठींचेंच ग्रीस अगदीं थोडें लावावें. बोल्ट पुस्तिकेंत सांगितलेल्या मापानें आवळावे.

येथें काम संपलें असें वाटतें, आणि हाच धोक्याचा क्षण होय. दट्ट्या मागें गेल्यामुळें पॅड व तबकडी ह्यांच्यांत फट राहिलेली असते. पहिल्यांदा दाबलेलें पेडल रिकामेंच खालीं जातें. तशीच गाडी रस्त्यावर नेली, तर पहिल्याच गरजेस मागील ब्रेक लागणार नाहीं. म्हणून गाडी जागेवरून हलविण्यापूर्वीं डबीचें झांकण लावून पेडल पुनःपुन्हां दाबावें. तें पायाखालीं घट्ट लागलें, सोडल्यावर चाक मोकळें फिरलें, आणि डबींतील पातळी दोन खुणांच्या मध्यें असली, म्हणजे मगच गाडी बाहेर काढावी. नव्या पॅडचा व तबकडीचा मेळ बसेपर्यंत ब्रेकचा जोर कमी असतो. तोंवर पुढील वाहनापासून अधिक अंतर राखावें.

पेडल कितीहि वेळां दाबलें तरी मऊच लागत असेल, तर द्रवांत हवा शिरली आहे असें समजावें. दट्ट्या मागें सरकत नसेल, किंवा तबकडी तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षां अधिक झिजली असेल, तर तेंहि काम घरचें नव्हे. अशा वेळीं गाडी चालवीत न नेतां मेकॅनिकास घरीं बोलवावें.